मैदानावरील संपर्कयंत्रणा : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी (पहिल्या सामन्याला ४० दिवस)

फुटबॉल स्पर्धेच्या काळात स्टेडियममधील संगणकजाळे आणि संपर्कयंत्रणा सांभाळण्याचे काम आजपासून आमच्या सहा जणांच्या चमूकडे आले. नोंदवही मी लिहिणार आहे. पहिला दिवस यादी करण्यात गेला. तिकीट तपासणारे स्कॅनर, सुरक्षा कॅमेरे, गुणफलक, उद्घोषणा, वैद्यकीय पथकाचे फोन, व्हिडिओ साहाय्यक पंचांचा कक्ष, समालोचकांच्या खोल्या, पत्रकार कक्ष, खिडक्यांवरील पैसे भरण्याची यंत्रे आणि शेवटी ३० हजार प्रेक्षकांसाठीचे वाय-फाय. यांतले जवळपास सगळे कोअर स्विचच्या (जाळ्याच्या मध्यभागी बसून सगळ्यांची वाहतूक पुढे पाठवणाऱ्या मुख्य यंत्रांच्या) एकाच जोडीवर येऊन मिळते.

यादी झाल्यावर प्रत्येक ओळीसमोर आम्ही एकच प्रश्न लिहिला : हे बंद पडले तर सामना थांबवावा लागेल का? उत्तरे लिहिताना माझेच काही समज बदलले. व्हिडिओ साहाय्यक पंचांचा कक्ष मी मनाशी पहिल्या क्रमांकावर धरला होता. परंतु २०१८ पासून फुटबॉलच्या नियमपुस्तकात आलेल्या या व्यवस्थेबद्दल नियमच असा आहे की, तिच्यात बिघाड झाला म्हणून सामना अवैध ठरत नाही, मैदानावरील पंचांच्या निर्णयावर खेळ पुढे चालतो. याउलट उद्घोषणा आणि वैद्यकीय पथकाचा संपर्क तुटला, तर भरलेल्या स्टेडियममध्ये लोकांना बसवून ठेवणेच धोक्याचे होते. म्हणून सुरक्षा, वैद्यकीय मदत आणि उद्घोषणा पहिल्या पायरीवर. प्रवेशद्वारे आणि पंचांचा कक्ष दुसऱ्या. समालोचन, पत्रकार आणि पैसे भरण्याची यंत्रे तिसऱ्या. प्रेक्षकांचे वाय-फाय चौथ्या पायरीवर ठेवले.

संध्याकाळच्या बैठकीत चौथ्या पायरीवरून बराच वाद झाला. प्रेक्षकांना सर्वांत आधी जाणवेल ते वाय-फायच, हे आयोजकांचे म्हणणे खरे आहे. तरीही मी क्रम बदलू दिला नाही, कारण कोणाचा संपर्क आधी सोडायचा हे सामना चालू असताना ठरवायला बसलो तर त्या चर्चेतच मध्यंतर उलटून जाईल. क्रमावर सर्वांच्या सह्या घेतल्या.

६ फेब्रुवारी

आज कशावर काय अवलंबून आहे याचा तक्ता काढला आणि त्यात एक गोष्ट उघडी पडली, जी यापुढे माझ्या डोक्यातून जाणार नाही. जाळे बिघडले तर आम्ही एकमेकांशी बोलणार कशावरून? आमचे टेबलावरचे फोन त्याच कोअर स्विचवर चालतात. बिघाडाच्या नोंदी ठेवणारी प्रणाली त्याच सर्व्हरवर आहे. चमूचा संदेशगट आतून उघडायला तीच बाहेरची लाइन लागते. संपर्क क्रमांकांची यादीसुद्धा सामायिक फोल्डरमध्ये आहे. म्हणजे ज्या क्षणी बोलण्याची सर्वाधिक गरज पडेल, त्याच क्षणी बोलण्याचे सर्व मार्ग एकदम बंद होतील.

हे घडून गेलेले आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या देखभालीच्या एका आज्ञेने त्यांचे अंतर्गत जाळे तुटले, डीएनएस सर्व्हरकडे (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रांकडे) जाणारे बीजीपी मार्ग (जाळी एकमेकांना जाहीर करतात ते रस्ते) मागे घेतले गेले आणि सुमारे सहा तास सर्व सेवा बंद राहिल्या. दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यांची स्वतःची साधनेही त्यांत गेली. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्सचे जाळे कोसळले, तेव्हा व्यवस्थापनासाठीचे जाळे मुख्य जाळ्यावरच उभे असल्याने अभियंत्यांना आपल्याच राउटरपर्यंत पोहोचता येईना. त्या संध्याकाळी टोरंटोच्या रॉजर्स सेंटर स्टेडियममध्ये ठरलेला संगीताचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. प्रेक्षक येऊ घातलेले असताना स्टेडियमवर अशी वेळ येते, हे वाचून माहीत असणे वेगळे आणि आपल्याच तक्त्यात ती रेघ दिसणे वेगळे.

उपाय ठरवले. प्रत्येक रॅकमधल्या कन्सोल पोर्टपर्यंत (यंत्राला थेट आज्ञा देण्याच्या तोंडापर्यंत) जाणारे एक वेगळे लहान जाळे उभारायचे, त्याला स्वतःची फायबर जोडी, स्वतःचे स्विच आणि स्वतःचा यूपीएस द्यायचा. या जाळ्यात मोबाइल मोडेम नको, असे माझे मत पडले, कारण स्टेडियम भरल्यावर हजारो फोन एकाच वेळी मनोऱ्याशी बोलू लागतात आणि आपला मोडेमही त्याच रांगेत उभा राहतो. चमूच्या बोलण्यासाठी वॉकीटॉकी वापरायचे ठरले आणि क्रमांकांची यादी कागदावर छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून प्रत्येकाच्या गळ्यातील ओळखपत्रामागे लावायचे ठरले.

११ फेब्रुवारी

नकाशावर बाहेरून येणाऱ्या दोन फायबर लाइन आहेत. एक पश्चिमेकडून १,१४० मीटरची, दुसरी उत्तरेकडून वळसा घालून येणारी १,७२० मीटरची. ही मापे आम्हाला मिळालेल्या कागदपत्रांतली आहेत.

ओटीडीआर लावून दोन्ही मोजल्या. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाची स्पंदने सोडते आणि परत येणाऱ्या क्षीण प्रकाशाच्या वेळेवरून लांबी, जोड आणि तुटलेली जागा दाखवते. पडद्यावर दोन आलेख एकमेकांवर ठेवले तेव्हा माझी सहकारी शांतपणे म्हणाली, "सर, या दोन लाइन नाहीत, ही एकच लाइन दोनदा दिसतेय." दोन्हींच्या लांबीत केवळ ६ मीटरचा फरक होता. ३९० मीटरवर दोघींत जोडाची लहानशी पायरी होती, ८१० मीटरवर दोघींत होती. वळसा घालून आलेली लाइन थेट आलेल्या लाइनइतकीच कशी भरेल?

दुपारी वाहनतळाजवळील चेंबरचे झाकण उचलून घेतले. आत एकच नारिंगी डक्ट (केबलची नळी) होता आणि त्यात दोन काळ्या केबल शेजारी शेजारी पडल्या होत्या. कधीतरी कोणीतरी खोदकाम वाचवले, पण नकाशा तसाच ठेवला. ज्या कंत्राटदाराने हे केले त्याच्याकडे लेखी विचारणा पाठवली आहे. मात्र त्याचे उत्तर काहीही आले तरी ३२ दिवसांत नवा डक्ट खोदून होणार नाही.

उपग्रहाचा पर्याय तपासला. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. जमिनीवरून वर आणि परत खाली एवढ्यालाच आवाजाला सुमारे २४० मिलिसेकंद लागतात, तर सुरळीत संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. समालोचकाला स्टुडिओतून विचारलेला प्रश्न उशिरा पोहोचला की दोघेही एकदम बोलू लागतात. म्हणून छतावरून मायक्रोवेव्ह लिंक (हवेतून रेडिओलहरींनी होणारी जोडणी) घ्यायची ठरली. ती दुसऱ्या पुरवठादाराच्या इमारतीकडे जाते, जमिनीला कुठेही स्पर्श करत नाही आणि तिचा विलंब नगण्य आहे. तिची क्षमता १ गिगाबिट आहे, फायबरची प्रत्येकी १० गिगाबिट. ३ फेब्रुवारीला सह्या घेतलेला क्रम इथेच उपयोगी पडणार आहे, कारण दहाचे ओझे एकात बसवताना काय उचलायचे हे त्यात आधीच लिहिलेले आहे.

१७ फेब्रुवारी

वाय-फायची मोजणी. रिकाम्या स्टेडियममध्ये सिग्नल उत्तम दिसतो आणि तोच फसवतो. माणसाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असते आणि ते या लहरी शोषते. रांगा भरल्या की वीस रांगा पलीकडून येणारा सिग्नल जवळपास नाहीसा होतो. म्हणूनच काही ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारी यंत्रे) आसनांखाली बसवले आहेत. तिथे गर्दीच दोन पॉइंटांमधली भिंत बनते आणि तेच चॅनल थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येते. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनले तीनच आहेत (१, ६ आणि ११), त्यामुळे तिथे ३० हजारांची सोय होणे शक्यच नाही. प्रेक्षकांसाठी मुख्य भार ५ गिगाहर्ट्झवर ठेवला, जाळ्यांची नावे सातवरून तीनवर आणली आणि सर्वांत कमी वेगाचे दर बंद केले. प्रत्येक नावाचा बीकन ("मी इथे आहे" अशी हाक) साधारण दर १०० मिलिसेकंदांनी सर्वांत कमी परवानगी असलेल्या वेगाने पाठवला जातो. नावे अधिक आणि वेग कमी असला की कोणी काहीही न पाठवता हवेतला वेळ संपतो.

फोनना जाळ्यात मिळणाऱ्या पत्त्यांचा हिशेबही आज झाला. जुन्या रचनेत प्रत्येक स्टँडला २५४ पत्त्यांचे काही गट होते, म्हणजे पहिल्या अर्ध्या तासातच पत्ते संपले असते. आता सर्व स्टँड मिळून ६५,५३४ पत्ते उपलब्ध आहेत आणि पत्ता चार तासांसाठी दिला जातो, म्हणजे बहुतेक फोनना सामना संपेपर्यंत फार तर एकदा नूतनीकरण मागावे लागेल.

२१ फेब्रुवारी

पंचांच्या व्हिडिओ कक्षाच्या लिंकवर चुकांचा आकडा मंदपणे वाढत होता. दर तासाला चाळीस-पन्नास पॅकेट (माहितीचे तुकडे) खराब होत होती. मॉड्यूल बदलले, पोर्ट बदलले, तरी आकडा वाढतच राहिला. शेवटी कनेक्टरचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पांढऱ्या वर्तुळाच्या मधोमध गाभ्याचा ठिपका दिसायला हवा होता. त्यावरून बोटाच्या ठशाच्या तीन पुसट वक्र रेषा गेल्या होत्या. एकपदरी फायबरचा गाभा सुमारे ९ मायक्रोमीटरचा असतो, त्यामुळे त्वचेचे तेल म्हणजे तिथे डोंगर. क्लीनरची एक टिकटिक, पुन्हा तपासणी, ठिपका स्वच्छ. आकडा थांबला. यापुढे कोणतेही टोक पाहिल्याशिवाय पोर्टमध्ये जाणार नाही, कितीही घाई असली तरी.

२६ फेब्रुवारी

वॉकीटॉकीवर काय बोलायचे आणि कोणी बोलायचे, यासाठी पूर्ण दिवस दिला. काहींना हा दिवस वाया गेल्यासारखा वाटला; मला तो संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत आवश्यक दिवस वाटतो.

सकाळी कोणतीही पद्धत न सांगता एक खोटा बिघाड जाहीर केला : पूर्व स्टँडचे स्कॅनर बंद. चार मिनिटांत चॅनलवर सहाच्या सहा जण बोलले, दोघे एकमेकांवर बोलले, स्विच दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणाहून पुन्हा चालू केला आणि प्रवेशद्वारावरील प्रमुखांना कोणी काहीच कळवले नाही. प्रत्येकाला दुसऱ्याने कळवले असेल असे वाटले. त्यानंतर पद्धत ठरली. बिघाड आला की एक जण प्रमुख होतो आणि तो कळफलकाला हात लावत नाही. त्याचे काम ऐकणे, ठरवणे आणि सांगणे एवढेच. दुसरा एक जण केवळ आयोजकांशी आणि विभागांशी बोलतो. दुरुस्ती करणाऱ्याला या दोघांखेरीज कोणीही प्रश्न विचारत नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निरोपात पाच गोष्टी असल्या पाहिजेत : काय बंद आहे, कधीपासून, कोणावर परिणाम आहे, आपण काय करत आहोत आणि पुढचा निरोप किती वाजता. पाचवी गोष्ट सर्वाधिक महत्त्वाची आहे, कारण पुढच्या निरोपाची वेळ माहीत असलेला माणूस मध्येच फोन करत नाही. पुढे सांगण्यासारखे काही नसले तरी ठरल्या वेळी "अजून बदल नाही" एवढे सांगायचेच.

दुपारी तोच बिघाड पुन्हा जाहीर केला. चॅनलवर एकूण अकरा वाक्ये बोलली गेली. प्रवेशद्वाराला पहिला निरोप ५० सेकंदांत पोहोचला.

१ मार्च

८ मार्चपासून बदलबंदी. त्यानंतर प्रमुखाच्या सहीशिवाय एकही आज्ञा, एकही पॅच कॉर्ड हलणार नाही. एका विक्रेत्याने सुचवलेली स्विचची नवी आवृत्ती स्पर्धेनंतरच बसवू, असे कळवले. सध्याच्या आवृत्तीचे दोष आम्हाला ओळखीचे आहेत.

४ मार्च

रंगीत तालीम. या वेळी काही खोटे जाहीर केले नाही. मुख्य कोअर स्विचची वीज खरोखरच काढली. अशा चाचणीला आयोजक तयार होण्यासाठी दोन बैठका लागल्या. सगळे नीट चालले आहे, मग हात कशाला लावायचा, हा त्यांचा आक्षेप होता. पण नीट चालणाऱ्या यंत्रणेतील दुसरा स्विच कधी खरोखर ओझे उचलून पाहिलेलाच नसतो.

बहुतेक जोडण्या एक-दोन सेकंदांत दुसऱ्या स्विचवर गेल्या. उत्तर स्टँडमधले दोन जुने स्विच मात्र ४८ सेकंद अबोल राहिले. त्यांच्यावर स्पॅनिंग ट्रीची (जाळ्यात वेटोळे होऊ न देणाऱ्या व्यवस्थेची) मूळ पद्धत चालू होती, जिच्या वेळमर्यादांप्रमाणे नवा मार्ग उघडायला ३० ते ५० सेकंद लागतात. त्या ४८ सेकंदांत उत्तरेचे एकही फिरते फाटक उघडले नसते. दोन्ही स्विच आजच जलद पद्धतीवर आणले.

परंतु खरा धक्का दुसऱ्या टप्प्यात बसला. दोन्ही कोअर स्विच एकदम बंद करून पाहिले आणि वॉकीटॉकी गप्प झाले. पश्चिम बाजूला असलेला मी पूर्वेकडच्या सहकाऱ्याला हाक मारत राहिलो, उत्तर नाही. संच चालू, बॅटरी भरलेली, चॅनल बरोबर. दहा मिनिटांनी ती स्वतः जिने उतरून, मैदानाला वळसा घालून चालत आली, तेव्हा उलगडा झाला. स्टेडियममध्ये दोन रिपीटर (वॉकीटॉकीचा आवाज पकडून पुढे पाठवणारी यंत्रे) आहेत, एक पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि दोघांना जोडणारी तार आमच्याच कोअर स्विचमधून जाते. ६ फेब्रुवारीला ज्या अवलंबनापासून सुटण्यासाठी वॉकीटॉकी निवडले, तेच अवलंबन त्यांच्या पोटात होते. तक्त्यात ते दिसले नाही, कारण वॉकीटॉकी बिनतारी आहेत एवढे गृहीत धरून आम्ही तिथेच थांबलो होतो. ही चूक माझी आहे. तो तक्ता मी तपासला होता.

संध्याकाळी एक स्वतंत्र रिपीटर मुख्य छताच्या मध्यावर बसवला. त्याला कोणतीही तार जोडलेली नाही, स्वतःची बॅटरी आहे आणि आमच्या चमूचे चॅनल केवळ त्याच्यावरून चालते. त्याशिवाय रिपीटरविना एका संचावरून दुसऱ्याशी थेट बोलण्याचे चॅनल प्रत्येक संचाच्या शेवटच्या खटक्यावर ठेवले. रात्री अकरापर्यंत आम्ही दोघे जिन्यांत, तळघरातील वैद्यकीय खोलीत आणि खेळाडूंच्या बोगद्यात उभे राहून "ऐकू येतंय का?" एवढेच विचारत फिरलो. थेट चॅनलवर तळघरातून आवाज येत नाही; तिथे एक माणूस जिन्याच्या तोंडाशी उभा राहून निरोप पुढे देईल, अशी व्यवस्था लिहून ठेवली.

८ मार्च

बदलबंदी सुरू. बंदीपूर्वीचे शेवटचे काम सुरक्षेचे होते. ९ फेब्रुवारी २०१८ रोजी प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकचे उद्घाटन चालू असतानाच 'ऑलिंपिक डिस्ट्रॉयर' नावाच्या घातक प्रणालीने आयोजकांचे सर्व्हर पुसून टाकले. वाय-फाय गेले, संकेतस्थळ बंद पडले, लोकांना तिकिटे छापता येईनात. तिथल्या चमूने रात्रभर जागून सकाळच्या स्पर्धांपूर्वी यंत्रणा पुन्हा उभी केली. त्या रात्रीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यातून घ्यायचे ते आम्ही घेतले आहे. ओळख तपासणाऱ्या सर्व्हरची प्रत जाळ्यापासून तोडून कपाटात ठेवली आहे आणि ती प्रत्यक्ष उभी करून पाहिली आहे. त्याला १ तास २० मिनिटे लागली. स्कॅनरमध्ये तिकिटांची यादी प्रवेशद्वारे उघडण्यापूर्वी उतरवली जाईल, म्हणजे सर्व्हर दिसेनासा झाला तरी फाटक तिकीट तपासू शकेल आणि नोंदी नंतर जुळवेल. एकच तिकीट दोन फाटकांवर दाखवले गेले तर ते त्या काळात पकडता येणार नाही. हा धोका सुरक्षा विभागाने लेखी मान्य केला आहे, कारण फाटकाबाहेर साचलेली गर्दी त्याहून धोक्याची असते.

१३ मार्च

जनरेटर चाचणी. वीज गेल्यापासून जनरेटरने भार घेईपर्यंत ११ सेकंद. पश्चिमेच्या रॅकमधील यूपीएस चौथ्याच सेकंदाला पडला. बॅटऱ्या बदलल्या, पुन्हा चाचणी घेतली, ठीक.

१५ मार्च (पहिला सामना)

सकाळी ७ वाजता संच वाटले. प्रत्येकाने आपल्या जागेवर पोहोचून नावानिशी नव्हे, जागेनिशी हजेरी दिली.

दुपारी १२.४०. पत्रकार कक्षातील एका टेबलाची लाइन गेली. कोणीतरी मोकळे दिसलेले केबलचे टोक त्याच टेबलावरील लहान स्विचमध्ये खोचून वेटोळे पूर्ण केले होते. आमच्या स्विचने ते ओळखून तो एकच पोर्ट बंद केला, त्यामुळे आठ जणांचे काम पाच मिनिटे थांबले आणि बाकी कोणाला काही कळले नाही. हे संरक्षण नसते तर तेच पॅकेट गोल गोल फिरत संपूर्ण कक्ष घेऊन बसले असते.

प्रवेशद्वारे ३ वाजता उघडली. ४.१५ ते ४.५० या वेळात सर्वाधिक गर्दी होती. स्कॅनर सरळ चालले. ५ वाजता शिट्टी.

६३ वे मिनिट. पडद्यावर बाहेरच्या दोन्ही फायबर लाइन एकाच सेकंदाला लाल झाल्या. राउटर एकमेकांना दर ३०० मिलिसेकंदांनी हाक देतात आणि सलग तीन हाका चुकल्या की मार्ग सोडतात, त्यामुळे आम्ही खुर्चीत सरळ होण्याआधीच वाहतूक मायक्रोवेव्ह लिंकवर गेलेली होती. नुसत्या बीजीपीच्या नेहमीच्या १८० सेकंदांवर विसंबलो असतो तर तीन मिनिटे अंधार होता. १ गिगाबिटची लिंक लगेच काठोकाठ भरली आणि ठरलेल्या क्रमाने प्रेक्षकांच्या वाय-फायचा वेग खाली आला. समालोचकांचा आवाज तुटला नाही. पंचांचा कक्ष आतल्या जाळ्यावर असल्याने त्याला काहीच झाले नाही. गोलरेषेवरचा संकेतही पंचांच्या घड्याळापर्यंत एका सेकंदात पोहोचायचा असतो आणि त्याचा मार्गही आतलाच.

चॅनलवर झालेले बोलणे वहीतून जसेच्या तसे उतरवतो.

"कक्ष बोलतोय. बाहेरच्या दोन्ही लाइन गेल्या, ६ वाजून १८ मिनिटांनी. छताची लिंक चालू. पश्चिम, चेंबर पाहून या."

"पश्चिम. निघालो."

"निरोप्या, आयोजकांना सांगा : वाय-फाय मंद, बाकी सर्व चालू. पुढचा निरोप साडेसहाला."

इथपर्यंत सर्व ठरल्याप्रमाणे झाले. पण पुढे निरोप फिरताना बदलला. आयोजकांच्या कक्षातून पत्रकार कक्षाकडे तो "नेट गेलंय" असा पोहोचला आणि तिथून कोणीतरी तो वैद्यकीय खोलीत सांगितला. तिथल्या परिचारिकेने नेट गेले म्हणजे आपला फोनही गेला असे समजून एका सहायकाला निरोप घेऊन धावत पाठवले. फोन पूर्ण वेळ चालू होता. त्यांना त्या वेळी रुग्णवाहिका हवी असती, तर चालू फोन समोर असताना माणूस जिने उतरत राहिला असता. सामन्यातला सर्वांत मोठा बिघाड मी हाच मानतो.

६.२९. "पश्चिम बोलतोय. चेंबरचं झाकण आत बसलंय, वर जड गाडी उभी आहे. दोन्ही केबल दबल्यात."

सामना मैदानावरील कोणालाही न कळता छताच्या लिंकवर संपला.

१६ मार्च

गाडी हलवून पहाटे चारला केबल जोडल्या. दोन्ही केबलवर मिळून २४ तंतू, प्रत्येक जोड मोजून घेतला. दोन केबल एकाच डक्टमध्ये असल्या की काय होते, याचा पुरावा आता छायाचित्रांसह विचारणेला जोडला आहे.

आढाव्यात तंत्राविषयी फार बोलायचे नव्हते. निरोपाविषयी दोन तास बोललो. 'नेट' हा शब्द आमच्यासाठी बाहेरची लाइन, पत्रकारासाठी ईमेल, प्रेक्षकासाठी वाय-फाय आणि परिचारिकेसाठी टेबलावरचा फोन असतो, हे आम्ही विचारात घेतले नव्हते. काय बंद आहे ते आम्ही सांगितले. काय चालू आहे ते प्रत्येक विभागाला त्याच्या भाषेत सांगितले नाही.

१९ मार्च

निरोपाचा मसुदा बदलला. आता तो विभागवार जातो आणि प्रत्येकाची सुरुवात त्या विभागाजवळ काय चालू आहे यानेच होते : "तुमचा फोन चालू आहे. तुमचा संगणक चालू आहे." 'नेट', 'सिस्टीम' आणि 'सर्व्हर' हे तीन शब्द बाहेर जाणाऱ्या निरोपातून काढले. पहिल्या पायरीवरील विभागांना आयोजकांमार्फत नव्हे, थेट आमच्याकडून निरोप जाईल. वैद्यकीय खोलीत आमचा एक संच कायमचा ठेवला आणि तिथल्या परिचारिकांनी तो दोनदा वापरून पाहिला. एकीने विचारले, "फोन आहे की नाही हे मी कसं ओळखायचं?" त्यावर फोनशेजारी कागद चिकटवला : उचला, सूर ऐकू आला तर फोन चालू आहे. हा कागद पहिल्या दिवशीच लावायला हवा होता.

चेंबरवर पोलादी पट्टी आणि दोन्ही बाजूंना खांब बसले. वाहनतळाचा तो कोपरा आखून बंद केला.

२२ मार्च (दुसरा सामना)

प्रवेशद्वारे उघडण्यापूर्वी प्रत्येक विभागाला चाचणी निरोप दिला आणि तो त्यांच्याकडून परत वाचून घेतला. वैद्यकीय खोलीचे उत्तर सर्वांत आधी आले.

मध्यंतरात दक्षिण स्टँडमधील दोन ॲक्सेस पॉइंट बंद पडले. शेजारच्यांनी भार घेतला, सामना संपल्यावर बदलले. बाहेरच्या लाइन अखंड. चॅनलवर ९० मिनिटांत सात वाक्ये.

रात्री १०.१५ ला संच गोळा करून चार्जिंगला लावले. पूर्वेचा ७ क्रमांकाचा संच सलग दुसऱ्यांदा निम्म्यावर उतरला होता. त्याची बॅटरी काढून बाजूला ठेवली आहे, उद्या सकाळी नवी बसवायची.